भरली बादली

शिक्क्याच्या शाईचा वास आला की लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचं आमचं ऑफिस आठवतं. जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले फॉर्म रद्दीत निघाले होते. नकाशे काढणाऱ्या ट्रेसरने त्यांच्या कोऱ्या पाठीवर, कोपऱ्यात, विहिरीतून वर येणारी बादली काढली, दर पानावर जराशी वर. पाण्याला शिक्क्याचीच निळी शाई. गठ्ठा अंगठ्याने भराभर सोडला की बादली वर यायची. दुष्काळ होता. ऑफिसात पाणी भरणाऱ्या मावशींनी ती दोनदा पाहिली. “रिकामी हाय,” त्या म्हणाल्या. ट्रेसर चिडला, “मावशी, काठोकाठ पाणी दाखवलंय की!” “मग लई भरभर यायली. भरली बादली दमादमानं येती.” तो आणखी फॉर्म ओढून मधली चित्रं काढायला बसला. परवा नातीच्या मोबाइलवर, कार्टूनमधली बादली सरकन वर आली आणि माझ्या तोंडून निघालं, “रिकामी हाय.”