डावीकडचा ब्रेक

तुमच्या घरातल्या गाडीची किल्ली ज्या खिळ्याला टांगलेली असते, तो खिळा कोणाचा हात पोचेल अशा उंचीवर ठोकलेला आहे? उठून बघून या. मी थांबतो.

आमच्या घरी गाडी नव्हती, त्यामुळे खिळाही नव्हता. पत्रकं मात्र ढिगाने होती. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी आणि ताई अभ्यास करायचो. मी पहिली अक्षरं गिरवली ती 'जाहीर निषेध' या मथळ्यावरून. पुढे आमटीत मीठ कमी पडलं तर मी आईला तोंडी सांगत नसे, लेखी निवेदन देत असे. ताईवर या शिक्षणाचा काहीच परिणाम झाला नाही. ती पत्रकांच्या होड्या करून दारापुढच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात, सोडायची.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. रत्नागिरीतल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती कामाला होती. म्हणजे फॉर्म भरायचे, वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता समजावून सांगायचा आणि सकाळी गाडी पुसायची. गाडी ती तिथेच शिकली, आणि वर्षभरात शिकवणाऱ्यांपेक्षा बरी चालवायला लागली. तिला हवी होती डावीकडची सीट, शिकवणाऱ्याची, जिच्यासमोर खाली एक जादा ब्रेक असतो. स्कूलचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणतात, तिला दर वेळी एकच सांगायचे, "तुला येतं गो. पण लोक काय म्हणतील? बाईकडे शिकायला येणार कोण?"

अशात त्या हिवाळ्यात गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका गावाने मोटारींची शर्यत ठरवली. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची ही कल्पना. गावाच्या डोक्यावरचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, गवत कापून झाल्यावर नुसताच पडून असतो, तर तिथे गाड्या पळवू. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी, रविवारी शर्यत. स्त्रिया, पुरुष, कोणीही या. नियम एकच वेगळा होता. गाडीत दोन माणसं हवीत. एक चालवायला आणि एक, गाडी रुतली तर उतरून ढकलायला.

ताईने सरांकडे गाडी मागितली. टपावरची स्कूलची पाटी उतरवायची नाही या अटीवर सर कबूल झाले. मग ताईने तिची अट घातली. "पहिल्या तिनात आले तर डावी सीट माझी."

"दिली," सर हसत म्हणाले.

मी लगेच ते कागदावर लिहून घेतलं आणि खाली सरांची सही घेतली. सर हसत होते हेसुद्धा कंसात नोंदवलं.

शुक्रवारी आम्ही सड्यावर गेलो. फक्कीने आखलेला वाटोळा मार्ग, वळणांवर जुने टायर आणि पेंढा भरलेली पोती. पलीकडच्या टोकाला जुनी चिरेखाण होती. चिरे काढून काढून माणसांनी डोंगराला पाडलेला चौकोनी खड्डा, दोन पुरुष खोल. शेवटचं वळण त्या खाणीच्या अंगाला होतं. मध्ये पोत्यांची भिंत होती, पण ती फार तर कमरेइतकी.

गाडी माझी आहे, असं म्हणत डाव्या सीटवर सर स्वतःच बसले. पहिली फेरी झाली. प्रत्येक वळणावर गाडी नाक खाली घालून थबकत होती, शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखी. तिसऱ्या फेरीनंतर ताई लाल धुळीने माखून उतरली.

"सर, ब्रेक कोण मारतंय?"

"मी नाय."

"मग काय देव मारतोय?"

सर पायाकडे बघत म्हणाले, "जातो गो पाय. इतक्या वर्षांची सवय. मी नाय मारत, तो आपला आपण मारतो."

"पेडल काढून ठेवा ना मग."

"स्कूलच्या गाडीचा परवाना आहे त्या पेडलवर. ते निघालं की उद्या स्कूल बंद."

इथे मी पुढे झालो. मी म्हणालो, सर, हा तुमच्या पायाचा प्रश्न नाही, हा हजारो वर्षांचा प्रश्न आहे. बाईच्या हातात चाक द्यायचं, कौतुकाने टाळ्या वाजवायच्या आणि ब्रेक मात्र पुरुषाच्या पायाखाली ठेवायचा, ही कसली बरोबरी? मी बराच वेळ बोललो. ऐकायला चार माणसं जमली. त्यातला एक भेळवाला होता. तो मान हलवत होता, त्यामुळे मी आणखी थोडा वेळ बोललो.

सर शांतपणे म्हणाले, "मग तू बस."

"बसतो!"

मला गाडी चालवता येत नव्हती. माझ्या मते हीच माझी पात्रता होती. ज्याला येत नाही तो ढवळाढवळ करणार नाही. ताई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबू, तोंडही बंद ठेवशील काय?"

शनिवारी पात्रता फेरी. गाड्या अकरा. एकेक सोडायची, घड्याळ लावायचं, आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या सहा जणांनी रविवारी त्याच क्रमाने उभं राहायचं. मी खबरदारी घेतली. सीटवर मांडी घालून बसलो, पट्टा आवळला आणि डोळे मिटले. पाय खाली नाहीत तर पापही नाही. मला फक्त ताईचा आवाज येत होता. भाकरी थापताना पिठाशी बोलावं तसं ती गाडीशी बोलत होती, "ये... ये आता... जा." एकदा माझं डोकं काचेवर आपटलं, एकदा सबंध मांडी उलगडता उलगडता राहिली. मग थांबलो. डोळे उघडले तेव्हा लोक ओरडत होते. आमची गाडी सर्वांत शेवटी सुटलेली, आणि वेळेत ताई पहिली आली होती. दुसरा क्रमांक गावच्या मानकरीकाकांच्या पुतण्याचा. तो मुंबईहून खास गाडी तयार करून आला होता.

खरी शर्यत त्यानंतर, कमिटीच्या मांडवात, झाली. मानकरीकाका कमिटीचे अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, आवाज कधीच न चढवणारे. ते म्हणाले, "उद्या आमची गाडी पुढे राहील."

घड्याळ लावायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "काका, वेळेप्रमाणे या ताई पहिल्या आहेत."

"असतील की. हुशार आहे पोरगी. पण शिमग्यात पालखी पहिली कोणाच्या दारात येते? आमच्या. मग गाडी मागे राहील कशी?"

पुणेकर गृहस्थांनी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात पालखीविषयी काही नव्हतं.

मी तडक रत्नागिरीला गेलो, झेरॉक्सच्या दुकानात बसून एक पत्रक लिहिलं आणि दोनशे प्रती काढून परत आलो. मथळा होता 'घड्याळाला आडनाव नसतं!' मजकुरात जन्माने मिळणारा मान, कष्टाने मिळणारा मान आणि कातळावर सर्वांचा असलेला समान हक्क हे तीन मुद्दे होते. तासाभरात सगळ्या प्रती संपल्या. इतका प्रतिसाद बघून मी भारावलो, आणि मग वडापावच्या गाडीकडे गेलो. माझा वडा मला मुद्दा क्रमांक दोनमध्ये बांधून मिळाला.

मानकरीकाकांनी मात्र पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं. मला जवळ बोलावलं.

"शुद्धलेखन चांगलं आहे रे. कोणाचा तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"तरीच." मग सड्याखालच्या समुद्राकडे बघत ते म्हणाले, "असं करू. नारळ आमच्या गाडीपुढे फुटेल. गाडी तुझ्या ताईची पुढे राहील. देवाकडे आमचा नंबर पहिला, तुमच्याकडे तिचा. चालेल?"

मला न चालण्यासारखं त्यात बरंच काही होतं. मी तोंड उघडणार इतक्यात ताईने मागून माझ्या शर्टाची कॉलर धरली आणि म्हणाली, "चालेल काका."

रविवारी सकाळी सहा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि आधी गाऱ्हाणं झालं. मानकरीकाकांनी हात जोडून खणखणीत आवाजात देवाला साकडं घातलं.

"बा देवा महाराजा, आज तुझी लेकरां सड्यावर गाडये पळवतत. त्येंका सांभाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा सडा म्हणाला.

"कोणाचो टायर फुटू नये, कोणाची क्लचप्लेट जळू नये!"

"व्हय महाराजा!"

"जो कोण खाणीकडे जाईत, त्येका माघारी फिरव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" हे सर्वांत मोठ्याने पुण्याचे गृहस्थ म्हणाले. मी तत्त्व म्हणून गप्प होतो.

नारळ फुटला. मी मांडी घालून बसलो. पुण्याचे गृहस्थ प्रत्येक गाडीत वाकून पट्टे तपासत होते. माझ्याकडे बघून ते थबकले. "हे काय? पंगत आहे का? पाय खाली घ्या."

"पण..."

"पाय खाली, नाहीतर गाडी बाहेर."

मी पाय खाली घेतले. बुटाच्या टोकाला ते पेडल लागलं. गार होतं.

पाच फेऱ्या होत्या. निशाण पडलं आणि ताई सुटली. मागे पुतण्याच्या गाडीचा आवाज कानाला दात लावल्यासारखा चिकटून होता. चार फेऱ्या मी डोळे मिटूनच काढल्या. पाचवी सुरू झाली तेव्हा लोकांचा आरडाओरडा इतका वाढला की मला राहवेना. आपण जिंकत होतो. इतिहास घडत होता आणि मी तो मिटल्या डोळ्यांनी बघत होतो. मी डोळे उघडले.

समोर चिरेखाण होती.

शेवटचं ते वळण मी तोवर गाडीतून एकदाही पाहिलं नव्हतं. पोत्यांची भिंत, तिच्यापलीकडे काहीच नाही, आणि ताई वेग कमी करायच्या ऐवजी वाढवते आहे. ती बरोबर तेच करत होती जे तिने आधीच्या चार फेऱ्यांत केलं होतं. पण माझ्या पायाला ते कोण सांगणार?

पाय आपला आपण गेला.

गाडीने नाक खाली घातलं, गर्रकन फिरली आणि आलो त्याच दिशेला तोंड करून बंद पडली. पुतण्या शेजारून गेला. मागची दुसरी गेली, तिसरी, चौथी, पाचवी. ताईने गाडी पुन्हा चालू केली, पण चाकं जागच्या जागी फिरली. मग माझ्या बुटाकडे बघून म्हणाली, "उतर. ढकल."

पुढची चाकं भुसभुशीत मुरमात रुतली होती. माझ्या हातून या चळवळीला लागलेला पहिला खराखुरा हातभार म्हणजे ते ढकलणं. गाडी निघाली तशी मी धावत जाऊन दार उघडून आत पडलो. ताईने गाडी वळवली. वळणापुढच्या उतरणीला दोन गाड्या एकमेकींची वाट अडवून बसल्या होत्या, त्यांना तिने मागे टाकलं. आम्ही चौथे आलो.

चौथे. तिसऱ्याची गाडी आमच्यापुढे हातभर होती.

मानकरीकाका माझ्याकडे चालत आले. खिशातून त्यांनी घडी घातलेलं पत्रक काढलं. "घड्याळाला आडनाव नसतं म्हणालास ना रे बाबू? बघ, आज त्याने आमचं लावून घेतलं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पुढे गेले. पुतण्या ताईकडे येऊन म्हणाला, "ताई, ही तुमची होती." त्याला झटकून टाकावं असं वाटलं, पण तो खरं बोलत होता.

सर सर्वांत शेवटी आले. ताई बॉनेटला टेकून उभी होती. मी कागद काढला आणि म्हणालो, "सर, परिस्थिती लक्षात घेता..."

"डावा ब्रेक होता ना?" सरांनी मला विचारलं. "नाक कसं खाली जातं त्यावरून मला लांबून कळतं. माझाच ब्रेक तो."

मी मान खाली घातली. हजारो वर्षांच्या प्रश्नाविषयी त्यांनी एक अक्षर काढलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

"सर, अट ती अट," ताई म्हणाली. "चौथी आले. पण मला दुसरी अट घालू द्या. याला महिन्यात गाडी शिकवते. हा परीक्षा पास झाला तर सीट द्याल?"

सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. धूळ, मुरूम, हातात करार.

"हा?" ते म्हणाले. "हा शिकला तर गो कोणीपण शिकेल. दिली."

या वेळी ते हसत नव्हते. मी ते लिहून घेतलं नाही, कारण ताईने कागद काढून घेतला होता.

सोमवारी सकाळी मी उजव्या सीटवर, ताई डाव्या. गाडी बंदराकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी उभी होती. समोरून मासे घेऊन एक टेंपो वर येत होता, मागे एसटी हॉर्न देत होती. माझे हात चाकाला चिकटले.

"ताई, पाय ठेव हां ब्रेकवर."

तिने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर छान मांडी घातली.

"चालव," ती म्हणाली.

मी चौदा वेळा गाडी बंद पाडली. एकदा एका कोळणीने टोपली खाली ठेवून, येणाऱ्या गाड्या हाताने थोपवून मला रस्ता करून दिला आणि ताईला विचारलं, "काय गो, भाऊ काय तुझा? मग चालव म्हणावं, भियाचं नाय." महिनाभर ताईने एकदाही पाय खाली घेतला नाही. परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो. सर म्हणाले, महिना कुठे संपलाय, अजून आठ दिवस आहेत. आठव्या दिवशी पास झालो. आता डाव्या सीटवर ताई असते. तिच्याकडे शिकायला पहिली आली ती टोपली खाली ठेवणारी कोळीण, आणि तिच्यामागून तिचा नवरा.

तर आता तुमच्याकडे येतो. तुम्हाला पत्रक लिहायचं नाही, सभेला यायचं नाही, कुठे सही करायची नाही. येत्या रविवारी खिळ्यावरची किल्ली काढून घरातल्या ज्या बाईने कधी चाक हातात घेतलेलं नाही किंवा घेऊन सोडून दिलं आहे, तिच्या हातात द्या. शिकवायला कोणीतरी जाणती बाई शेजारी बसवा. तुम्ही मागच्या सीटवर बसा, पट्टा लावा आणि वळण आलं की डोळे उघडे ठेवून गप्प राहा. पाय आपला आपण जाईल. त्याला वर घ्या.