गुलाबी गोळ्या

बंगळुरूत आमच्या जे. पी. नगरच्या सोसायटीत कचरा न्यायला येणारी अक्का बेळगावकडची आहे, त्यामुळे माझ्याशी मराठीतून भांडते. "ओला वेगळा, सुका वेगळा, किती वेळा सांगायचं वो तुमास्नी?" पण कचऱ्यात औषधाची स्ट्रिप दिसली की तिचा आवाज खाली येतो. अंगठ्यानं ती एकेक खळगा चाचपते, "ही कशावरची?" म्हणून विचारते आणि स्ट्रिप कमरेच्या चंचीत सरकवते. माझ्या सासऱ्यांना शेवटच्या दोन-तीन गोळ्या ठेवूनच स्ट्रिप फेकायची खोड आहे. मीही "बीपीची" म्हणून सांगून टाकायची. मला वाटायचं, औषधांचा कचरा वेगळा टाकायचा असेल.

परवा तिनं विचारलं, "आजोबांच्या गुलाबी गोळ्या दिसंनात वो. बंद झाल्या काय?"

"डॉक्टरांनी बदलल्या. का?"

"आमच्या गल्लीत तिघं त्याच घेतात. मला धरून." दूध कुठून घेतो हे सांगावं, इतक्या सहज ती म्हणाली.

मी ओरडलेच, "अहो, नका घेऊ त्या! पाय सुजायला लागले, म्हणून तर बदलल्या!"

तिनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. चपलेचे पट्टे तिच्या पावलांत रुतले होते. चार वर्षं ती रोज माझ्या दारात उभी राहते आणि तिचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"सरी, बरं," ती शांतपणे म्हणाली. "मग नव्या कुठल्या रंगाच्या हैत?"