जळकोटला आलेला तिसरा चहा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. विश्वास ठेवायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि ते माझ्याकडे बरेच दिवस नाही. मी लोहाऱ्याला शाळेत शिकवते. घरी सासूबाई अंथरुणावर. मी त्यांना आत्या म्हणते. लकवा मारला तेव्हापासून उजवी बाजू गेली, वाचा गेली. आमचे हे नोकरीला सोलापूरला, शनिवारी पाहुण्यासारखे येतात. बाकी भरवणं, पुसणं, कूस बदलणं... असो. गाऱ्हाणं सांगायला बसले नाही.

लॉकडाऊनमध्ये शैलानं मला सायकलचा नाद लावला. शैला माझी शाळेतलीच मैत्रीण, तोंडानं फटकळ. ह्या वर्षी तिनं टूम काढली – सायकलवर तंबू बांधून जंगलात मुक्कामाला जायचं. तिला नॅशनल पार्क पाहिजे होतं. म्हटलं, बाई, आपल्या जिल्ह्यात ते नाही, येडशीचं रामलिंग अभयारण्य आहे, त्यावर भागव. दिवस ठरले भाद्रपद सरता सरता. पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवा, आणि नवरात्राच्या आधीच, कारण एकदा नवरात्र लागलं की तुळजापूरच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची ही गर्दी. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "पित्तरात कुणी असं हिंडाया जातंय व्हय?" शैला म्हणाली, "पितरांना पण जरा हवा लागू द्या की."

महिनाभर आमचं प्लॅनिंग आत्यांच्या खाटेशेजारीच चाललं होतं, कारण मला तिथून हलताच येत नव्हतं. मोबाइलवर नकाशा उघडून शैला मोठ्यानं वाचायची – लोहारा, जळकोट, नळदुर्ग, पहिला मुक्काम तुळजापूर, दुसरा येडशी. जंगलात तंबू लावू देत नाहीत, म्हणून येडशीजवळ ओळखीच्यांच्या शेतात जागा ठरवली. आत्या छताकडे बघत पडलेल्या असायच्या. सगळं ठरलं तरी आत्यांचं काय, हे ठरलं नव्हतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, आमच्याकडे हत्तीच राहिला होता.

शेवटी अणदूरच्या सुमनअक्का, म्हणजे माझ्या नणंदबाई, तेवढे दिवस आईला सांभाळायला तयार झाल्या. इथं आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. अणदूरचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गला राहायला जातो. देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी शब्द देतात-घेतात, तेव्हाच देव हलतो. माझ्या सासऱ्यांनी थट्टेनं तीच रीत घरात आणली होती. आत्या लेकीकडे निघाल्या की इथून म्हणायचं, "आमचं माणूस तुमच्या हाती." तिकडे उंबऱ्यात अक्कांनी कपाळाला भंडारा लावून म्हणायचं, "आल्या, आमच्याकडं आल्या." सासरे गेले, पण आत्यांनी ती थट्टा सोडली नाही. शब्द झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत.

या खेपेला न्यायला अक्कांचे यजमान, आमचे दाजी, एकटेच गाडी घेऊन आले. आभाळ भरून आलं होतं, त्यांना सोयाबीन झाकायची घाई. मी डायपर, औषधं, पातळ पेजेचा डबा देण्यात गुंतले. दाजींना वाटलं, शब्द अक्का तिकडे घेतील. अक्कांना वाटलं, लोहाऱ्यातच सगळं झालंय. कुणीच काही बोललं नाही, आणि बोलता येत नव्हतं त्या बाईला आम्ही पोत्यासारखं गाडीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गावाबाहेर पडते न पडते तोच माझी सायकल जड झाली. तंबू आणि एक पिशवी एवढंच मागे बांधलेलं. आदल्या आठवड्यात तेवढंच ओझं घेऊन फिरून आले होते, काही वाटलं नव्हतं. आज मात्र डबलसीट नेतोय तसं होत होतं – वळणावर मागचा भार किंचित कलायचा, खड्ड्यात दणका बसला की सावरायचा. दोनदा उतरून टायर दाबून पाहिले, हवा टंच होती. एका चढावर तर मला रडूच आलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंगावरचं ओझं उतरत नाही म्हणजे काय! शैला पुढून ओरडली, "म्हशी वळायला निघालीस का गं?" मी मान खाली घालून पायडल मारत राहिले.

जळकोटला हायवेच्या कडेला एका टपरीवर थांबलो. चहावाल्या मावशींनी तीन कप आणून ठेवले.

"मावशी, आम्ही दोघीच आहोत," शैला म्हणाली.

"आन म्हातारीला नको व्हय? साखर चालत नसंल तर बिनसाखरंचा देते."

"कोण म्हातारी?"

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईच्या मागं बसून आल्या की. हितं बाकड्यावर बसत्याल म्हणलं, तर दिसंनात. कुठं गेल्या?"

"मागं तंबू बांधलाय, मावशी. माणूस कुठं बसेल?"

"आवं, त्याच्यावरच बसल्या हुत्या की! हिरवं लुगडं, डोईवर पदर."

शैलाला हसू आलं. मला नाही आलं. आदल्या दिवशी आत्यांना हिरवं लुगडं मीच नेसवलं होतं. मी तशीच अक्कांना फोन लावला. अक्का रडतच होत्या. "कालपासनं घोटभर पाणी न्हाय घेतलं गं आईनं. दात आवळून धरल्यात. डोळं बी उघडंना. डॉक्टर म्हणत्यात, अजून थोडी वाट बघू, न्हायतर अ‍ॅडमिट करा."

एकदा वाटलं, ट्रिप गेली खड्ड्यात, अणदूर गाठावं. आणि मग एकदम आठवलं. "अक्का, आल्या तेव्हा शब्द झाला होता का?" अक्का म्हणाल्या, "म्या म्हणलं, तुमी तिकडं..."

"फोन स्पीकरवर टाका. त्यांच्या कानाशी धरा." हायवेवर ट्रक धडाडत होते, मी टपरीमागं जाऊन ओरडूनच बोलले, "आमचं माणूस तुमच्या हाती." भंडारा शोधायला अक्कांना वेळ लागला. मग त्यांचा भरलेला आवाज आला, "आल्या, आमच्याकडं आल्या." पुढे नुसती भांड्यांची खुडबुड. आणि मग अक्का – "घेतलं गं... चमच्यानं पाणी घेतलं!"

नळदुर्गच्या रस्त्याला लागलो तेव्हा सायकल इतकी हलकी झाली होती की मीच दचकले.

येडशीला तंबूत मी अशी झोपले की माकडांनी आमची केळी नेली तरी कळलं नाही. इतकी झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती. अजून आठवली तरी बरं वाटतं.

आत्या पाणी का घेत नव्हत्या, ते समजू शकते. हट्ट पहिल्यापासून दांडगा. पण बाकीचं? शैला म्हणते, मावशींना भास झाला असेल. आणि माझ्या मांड्यांना झालेला तो काय होता? आत्यांना विचारलं, त्या छताकडेच बघत राहिल्या.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम त्याच टपरीवर थांबले होते. मावशींना म्हटलं, "त्या म्हाताऱ्या बाई कशा दिसत होत्या?"

"कशा म्हंजी? खुशीत हुत्या की. रानाकडं, ट्रककडं, समद्याकडं बघून लहान लेकरावानी हसत हुत्या."

आत्यांचा चेहरा मी दिवसातून दोनदा पुसते. लकवा मारल्यापासून तो हसलेला मी एकदाही पाहिलेला नाही. हे सगळं कशानं झालं, मला अजून कळलेलं नाही, आणि शोधत बसायची ताकदही नाही. फक्त त्या चढावर मी नुसतीच चिडून रडत होते, तेव्हा एकदा तरी मान वळवून मागं बघायला हवं होतं.