माझा म्हणून ओळखला जाणारा आवाज

मी आज जी काही आहे ती कुंदाताई देवतळे यांच्यामुळे. आईवडिलांनी वाढवलं, पोटाला चिमटा काढून शिकवलं, ते आहेच. पण स्वारगेटला रिक्षात बसून मी पत्ता सांगते आणि रिक्षावाला आरशात बघत म्हणतो, "ताई, आवाजावरनंच ओळखलं तुम्हाला" — तो आवाज कुंदाताईंचा आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. इतक्या मुलाखती दिल्या, कारकिर्दीबद्दल, आयुष्याबद्दल तास तास बोलले. तिथेही नाही.

आवाज त्यांचा म्हणजे काय, ते सांगते. आणि त्याच्यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. तिच्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. लागू दे ना?

मी तालुक्याच्या गावची. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या वस्तीत कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. त्याचं मला आजही अप्रूप आहे आणि ते लपवावं असं वाटत नाही. पुण्याला शिकायला आले, हॉस्टेलला राहिले, कॉलेजच्या एकांकिकेत काम केलं. ते एका दिग्दर्शकांनी पाहिलं आणि मला थेट सिनेमाची नायिका केलं. पेठेत राहणारी, एकटी, ताठ कण्याची शाळेतली बाई. मी जेमतेम विशीची होते, पण माझ्या चेहऱ्यात त्यांना ती बाई दिसली म्हणे.

त्या काळी चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याचाच इतका आवाज व्हायचा, की संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलावे लागायचे. पडद्यावर आपलेच ओठ हलतात आणि आपण माइकसमोर उभं राहून त्या ओठांत शब्द बसवायचे. मी उभी राहिले. गावाकडे बोलतात तशीच बोलले. दुसरं काही येतच नव्हतं. सेटवर कुणी काही म्हणालं नव्हतं, कारण तिथे ऐकतंय कोण? पण इथे माझा प्रत्येक शब्द मोठ्या स्पीकरवर घुमत होता. दोन-तीन वेळा झाल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "रत्ना, चेहरा एक नंबर. पण ही बाई सदाशिव पेठेत राहते गं. एसटी स्टँडवर नाही."

सगळे हसले. मीही हसले. काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी कुंदाताई आल्या. सुती साडी, हातात कोमट पाण्याचा थर्मास. रेडिओवरच्या नाटकांत काम करायच्या आणि सिनेमातल्या नट्यांना आवाज द्यायच्या. तेच त्यांचं पोट. अंधारात उभ्या राहून त्यांनी माझे तुकडे परत परत पाहिले आणि मग बोलायला लागल्या. मी जिथे थांबले होते तिथे त्या थांबल्या. मी जिथे श्वास घेतला होता तिथेच त्यांनी श्वास घेतला. पडद्यावरची बाई एकदम जिवंत झाली — आणि मी कोपऱ्यात बसून रडत होते. बाहेर आल्यावर त्या माझ्याजवळ टेकल्या. म्हणाल्या, "रडायला काय झालं? तुझे ओठ फार सोपे आहेत. खोटं बोलत नाहीत. माझं निम्मं काम तूच करून ठेवलंयस."

सिनेमा चालला. सुरुवातीच्या पाट्यांत चहा देणाऱ्याचं नाव होतं, कुंदाताईंचं नव्हतं. तशी पद्धतच होती. आवाज उसना आहे हे प्रेक्षकाला कळलं तर जादू मोडेल, असं मानायचे. मला बक्षीस मिळालं. गावी आमच्या विहारात सत्कार झाला. वडील पुढच्याच सतरंजीवर बसले होते, डेपोच्या खाकी कपड्यांत, कारण ड्यूटीवरून सरळ आले होते. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "पोरी, बोलनं लई झाक झालं तुजं. कुटं शिकलीस?"

तेव्हा सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. आमच्या माणसांनी मला कमी लेखलं नसतं. पण वडील बघत होते. मी म्हणाले, "पुण्यात. रियाज केला." पहिल्यांदा खोटं बोलले ते तिथे.

खोटं बोलले म्हणजे आता तसं बोलता यायला हवं. कार्यक्रमांची बोलावणी येत होती, दुसरा सिनेमा हातात होता. मी कुंदाताईंच्या घरी गेले. धनकवडीला, कात्रजच्या अलीकडे, त्यांच्या दोन खोल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त म्हटलं, "लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. माझं काम तिथंच संपलं. बस. पाणी म्हण."

"पानी."

"प्यायचं नाहीये, म्हणायचंय."

असं पुढे दोन हिवाळे चाललं. कॉलेजातून सुटले की मी बसने जायची. त्या स्वयंपाक करता करता शिकवायच्या. कणीक मळतानासुद्धा त्यांचे कान माझ्याकडे असायचे. एकदा मी वैतागून म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्ही जन्मापासूनच असं बोलता." त्या मनापासून हसल्या. "मी? अगं, मी वऱ्हाडातली. 'करून राहिली, जाऊन राहिली' करत पुण्यात आले. इथल्या बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. हा आवाज मी एकेक दगड रचून बांधलाय. तू आयत्या घरात येतेयस, जरा चपला तरी बाहेर काढ."

हळूहळू जमलं. नुसते उच्चार नाहीत. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित खाली नेण्याची त्यांची लकब, रागावल्यावर हळू बोलण्याची सवय, सगळं माझ्यात आलं. एकदा एसटीडी बूथवरून मी त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, त्यांना बोलावून घेतलं. माझं "हॅलो" ऐकून त्या म्हणाल्या, "अगंबाई, मीच मला फोन केलाय की काय?" आम्ही दोघी इतक्या हसलो, की बूथवाला मीटरकडे बघायला लागला.

पुढचा सिनेमा मी स्वतः बोलले. कुणालाही फरक कळला नाही. त्यानंतरची कारकीर्द तुम्हाला माहीत आहे. बक्षिसं, नाटकं, मालिका. "आवाजाची राणी" असं कुणी तरी लिहिलं आणि ते चिकटलं. सुरुवातीला मी दिवाळीला कुंदाताईंकडे जायची. मग ड्रायव्हरच्या हाती साडी पाठवायची. मग तेही राहून गेलं.

आता ती गोष्ट.

टीव्हीच्या वाहिन्या वाढल्या होत्या, पुण्यातही स्टुडिओ झाले होते. माझी एक मोठी मालिका सुरू होणार होती. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या आईचं निवेदन होतं आणि त्या आवाजासाठी चाचण्या चालल्या होत्या. मी दुसऱ्या कामासाठी गेले होते. निर्माता म्हणाला, बसा ना मॅडम, ऐका. बसले. काचेपलीकडे कुंदाताई आल्या. केस पांढरे झाले होते. थर्मास तोच असावा. मला बघून त्यांनी हात वर केला, मीही केला. त्यांनी हेडफोन घातले आणि वाचायला लागल्या.

मला वाटलं, मीच बोलतेय — नाही, हेही खरं नाही. इतक्या वर्षांनी मूळ आवाज ऐकला आणि माझा त्यावरून काढलेला आहे हे मला लख्ख कळलं.

निर्माता तरुण होता, त्याला जुनं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, या काकू सेम टू सेम तुमच्यासारख्या बोलतात. कोण आहेत? ओळखता?"

तोंडातून काही तरी निसटलं, असं नाही झालं. मी विचार केला. चांगला दोन-चार वाक्यं जातील एवढा वेळ विचार केला. रोज आधी त्यांचा आवाज लागेल, मागोमाग माझा. लोक तुलना करतील. कुणी तरी जुना माणूस विचारेल, आठवेल, बोलेल. मग माझं काय उरतं? हे सगळं मनात नीट मांडून झाल्यावर मी म्हणाले, "त्या माझी नक्कल करतात. हल्ली बरेच जण करतात."

तो हसला. "मग नको. लोकांना मिमिक्री वाटेल."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. काचेपलीकडच्या माणसाशी बोलायचं जे बटण असतं, त्याच्यावरचा लाल दिवा चालू होता. आमचा शब्द न् शब्द कुंदाताईंच्या कानात गेला होता.

त्यांनी वाचन मध्येच थांबवलं नाही. परिच्छेद पूर्ण केला. हेडफोन काढले, त्याची वायर गुंडाळून खुंटीला नीट अडकवली आणि बाहेर आल्या. निर्माता म्हणाला, "काकू, कळवतो हं तुम्हाला."

"कळलं की," कुंदाताई म्हणाल्या. "बरोबर आहे बाईंचं. वय झालं हो माझं. आता नक्कलसुद्धा धड जमत नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी पूर्वीच्या स्वरात, "घसा जप गं. हवा बदलतीये." आणि जिना उतरून बसस्टॉपकडे गेल्या. खाली माझी गाडी उभी होती. मी खुर्चीतून उठले नाही.

पुण्यातलं हे जग फार लहान आहे. निर्मात्याने ते कुणाला तरी गंमत म्हणून सांगितलं असणार. "रत्ना मॅडमची नक्कल करणाऱ्या काकू" हे त्यांचं नाव पडलं. कामं बंद झाली. एका शूटिंगच्या जेवणाच्या सुट्टीत हाच किस्सा एका मुलाने मला ऐकवला, मला माहीत नसेल असं समजून. मी हसले. कुंदाताई घरी मुलांना कविता पाठ करायला शिकवायला लागल्या, असं नंतर कानावर आलं. तो आवाज सोडला तर त्यांच्यापाशी दुसरं काय होतं?

माझ्या बोलण्याला लोक हसले होते, मला कमी लेखलं होतं, म्हणून माझ्या मनात भीती बसली होती — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. भीती खरी आहे. हसले तेही खरं आहे. पण कुंदाताई हसल्या नव्हत्या. हसलेल्यांपैकी कुणाचं मी काय वाकडं केलं? त्यांच्या पंक्तीला तर मी आयुष्यभर जेवले.

गेल्या महिन्यात पुण्यात माझा सत्कार झाला. पडद्यावर त्या पहिल्या सिनेमातला प्रसंग दाखवला. शाळेतली ती बाई वर्गासमोर उभी आहे आणि बोलते आहे. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, पहिल्याच सिनेमात हा आवाज कुठून आणला? मी म्हणाले, "रियाज." टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांनंतरही तोच शब्द तयार होता.

कार्यक्रम संपल्यावर एक पन्नाशीच्या बाई भेटायला आल्या. "मी मीनल. कुंदाताई देवतळे माझी मावशी. तिनेच पाठवलं, म्हणाली, कशी दिसते ते बघून ये." मी विचारलं, त्या कशा आहेत. "ठणठणीत आहे. फक्त ऐकू येत नाही हो अजिबात. मशीन आणलं तर म्हणते, कचकच होते, तुम्हीच घाला. पण तुमची मालिका चुकवत नाही. बाकीच्या पात्रांचं काय चाललंय ते मला विचारते. तुमचं मात्र सगळं कळतं तिला. म्हणते, हिचे ओठ मला पाठ आहेत." मीनलताई हसून म्हणाल्या, "पूर्वी आवाजाची काही तरी कामं करायची ना ती. आम्हाला फारसं सांगितलं नाही कधी."

कधी सांगितलं नाही. घरच्यांनाही नाही.

मी मीनलताईंकडून पत्ता लिहून घेतला. त्याच दोन खोल्या. फोन करून उपयोग नव्हता. आज सकाळी चहा झाल्यावर पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकलं. मजकूर असा:

कुंदाताईंना,
सप्रेम नमस्कार.

मालिकेच्या निवेदनासाठी तुम्ही स्टुडिओत आला होता, त्या दिवशी तुम्ही कोण असं मला विचारलं गेलं. मी तुम्हाला ओळखते असं म्हणाले नाही. तुम्ही माझी नक्कल करता असं म्हणाले. त्यामुळे तुमचं ते काम गेलं आणि पुढची कामंही गेली. ती कशामुळे जात आहेत हे मला माहीत होतं.

पहिल्या सिनेमातला आवाज तुमचा आहे आणि आजचा माझा आवाज तुम्ही शिकवलेला आहे, हे मी तुमच्या नावानिशी लिहून छापायला देत आहे. मीनलताईंकडे एक प्रत पोचेल.

बटण चालू आहे हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर मी आधी ते बंद केलं असतं आणि मग हेच म्हणाले असते.

रत्ना