पिंपाची तोटी आणि अक्कांचा हात

मोरीजवळचं ते जुनं पितळी पिंप मी मोडीत का काढत नाही, असं तुम्ही विचारलंत. सांगते, पण क्रमाने सांगते.

ते पिंप माझ्या वडिलांनी मला लग्नात दिलं. ते धुळ्याला शाळेत शास्त्र शिकवत. अमळनेरला माझ्या सासरी तोवर सगळे माठातून ओगराळ्याने पाणी घेत. तोटी फिरवली की पाणी येतं, हे बघायला गल्लीतल्या बायका आल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, तेच खुपलं.

पहिल्याच उन्हाळ्यात तोटीचा सांधा गळू लागला. कल्हईवाल्याला अंगणात बसवून तो झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून घेतला. थोड्या दिवसांत पुन्हा गळला. पुन्हा झाळला, पुन्हा गळला. “मास्तरनं बठ्ठंच फुटकं शे,” अक्का म्हणायच्या, मास्तरचं सगळंच फुटकं. मग माझ्याकडे बघून, “पोरगी इंग्रजी शिकेल शे, भाकर येत नही.”

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, पण माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय नाही. त्या वर्षी वडील न्यायला आले. अक्कांनी त्यांचा पाट मुद्दाम पिंपाशेजारी मांडला, टपटपणाऱ्या तोटीखाली वाटी ठेवली आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मास्तर, आधी तुमची वाटी भरू द्या. मग वाढते.”

पंगत हसली. वडील उठले आणि उपाशीच स्टेशनवर गेले. मला बरोबर न्यायचंही त्यांना सुचलं नाही. पुढच्या आखाजीला कोणीच आलं नाही. गल्लीत माहेरवाशिणींचे झोके चालले होते आणि मी अक्कांच्या पुरणाची डाळ वाटत होते. वडील याच घरात येऊन जेवतील आणि अक्काच त्यांना वाढतील, हे मी त्या पाट्यावर ठरवलं.

गळण्याचं कारण मला पुढच्या झाळकामाच्या वेळी समजलं. वडिलांनी लहानपणी मला दिव्यावर पळी धरून दाखवलं होतं. नुसतं शिसं किंवा नुसतं कथील वितळवलं, तर ते थिजतानाही एकदम थिजतं. दोन्ही मिसळून केलेली झाळ मात्र वेळ घेते. मधल्या वेळात ती ना पातळ असते ना घट्ट. शिऱ्यासारखी असते, आत कण धरलेले आणि भोवती रस. आरंभी धक्का लागला तर रस फटीत शिरून ती भरून काढतो. अखेरीस लागला तर भरायला रसच उरलेला नसतो. चीर आत राहते आणि वरून काही दिसत नाही.

अक्का नेमक्या त्याच वेळी हात घालायच्या. झाळेची चकाकी गेली की त्यांना वाटे, काम झालं. कल्हईवाला पुढच्या भांड्याकडे वळला की त्या पदराने तोटी धरून फिरवून बघत, घट्ट बसली का ते.

मी तेव्हाच बोलू शकत होते. बोलले नाही. मला साक्षीदार हवे होते.

त्यानंतरच्या आखाजीला नणंदा माहेरी आल्या. घर भरलं. अक्कांच्या माहेरची तांब्याची घागर बुडाशी झिरपत होती आणि आखाजीला पूजेत तीच लागायची. एकाच कल्हईवाल्याकडून, एकाच झाळेने, दोन्ही सांधून घेतली. पिंपासमोर मी मांडी घालून बसले आणि कोणाला हात लावू दिला नाही. घागरीवरची चकाकी मावळली तशी मी म्हणाले, “अक्का, तुमची घागर बघा बरं, नीट बसली का?”

“मला सांगते!” म्हणत त्यांनी पदर घेऊन बूड दाबलं, हलवलं. “पक्कं शे!”

निवल्यावर मी दोन्हींत पाणी भरलं. पिंप कोरडं राहिलं. घागरीखाली ओल पसरली.

“अक्का,” मी म्हणाले, “तुमना माहेरनं बठ्ठंच फुटकं शे का?”

धाकटी नणंद तोंडात पदर कोंबून आत पळाली. सासरे ओट्यावर होते. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी वर लिहिलं तसंच, तितक्याच शांतपणे सांगितलं. त्यांनी अक्कांच्या हाताकडे बघितलं. “घागर पुन्हा झाळा,” ते म्हणाले, “आणि हिने तिला शिवायचं नाही. मास्तरांना मी स्वतः आणतो.”

वडील आले. त्यांचा पाट मी त्याच जागी, पिंपाशेजारी मांडला. तोटी कोरडी होती. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होता. “अक्का, तुम्ही वाढा,” मी म्हणाले. अक्का वाकल्या, त्यांनी वाढलं.

“पुरे, अक्का,” वडील म्हणाले.

“अजून एक वाढा,” मी म्हणाले. अक्का पुन्हा वाकल्या.

“अगं, पुरे,” वडील हसून मला म्हणाले, “पोट फुटेल माझं.” त्यांना वाटलं, मी त्यांच्या पोटाकडे बघते आहे. मी अक्कांच्या कमरेकडे बघत होते.

“रस वाढा, अक्का,” मी म्हणाले.