अस्वलिणीसाठी डिंकाचे लाडू

माझ्या सासूबाईंच्या मांडीवर मी आयुष्यात एकदाच बसलो आहे. तेही सफारी पार्कच्या बसमध्ये, भरदुपारी आणि मांडी आधीच भरलेली असताना.

त्याचं झालं असं. माझी बायको सुषमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, ढाणकीला गेली होती. लेक तीन महिन्यांची झाली तसा मी दोघींना वणीला, आमच्या घरी न्यायला जाऊन थडकलो. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जावईबापू, लेकरू सांभाळता येते का तुमाले?"

"आई, मी खाणीत डंपर चालवतो!"

"डंपर रडते का?"

सासूबाईच पुढे म्हणाल्या, "थो नवीन सफारी पार्क दाखवा आमाले. तुमी पोरीले कसं सांभाळता थे पाहू, मंग ठरवू." म्हणजे दिवस धड पार पडला तर बायको-लेक माझ्यासोबत, नाहीतर मी एकटाच परत, माझ्याच हातच्या करपलेल्या खिचडीकडे!

पार्कात नवा सिंह आला होता आणि अस्वलिणीला दोन पिल्लं झाली होती. सिंहाशी सासूबाईंना देणंघेणं नव्हतं. त्यांनी निघताना डिंकाच्या लाडवांचा डबा भरून घेतला.

"हे कोणासाठी, आई?"

"अस्वलिणीसाठी! बाळंतीण हाय थे. लेकरू पाह्यले कोनी रिकाम्या हातानं जाते काय?"

पण बसमध्ये चढतानाच ड्रायव्हरनं बजावलं, "खायचं काही असंन तं इथंच ठेवा. जनावरांले काही द्याचं नाही, सोबत न्याचं बी नाही!" सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, मार्क मिळवायची हीच वेळ! "आई, तुम्ही काळजीच करू नका," असं कुजबुजून मी डबा शर्टाच्या आत, पोटावर सरकवला. (माझं पोट मुळातच असं आहे, की ड्रायव्हरला तिळभरही संशय आला नाही.)

संशय आला सुषमाला. "अहो, तुमचं पोट चौकोनी काहून दिसून राह्यलं?"

"गॅस," मी म्हणालो.

पहिल्यांदा सिंह लागला. झाडाखाली उताणा पसरला होता. बस आली काय, गेली काय, साहेब मान वळवायला तयार नाहीत!

"कुठचा जावई आला हा?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहत विचारलं.

मी हसण्यावारी नेलं. लेकीला मांडीवर घेतलं, टोपडं नीट केलं, बापाची कर्तव्यं एकेक करून सगळ्यांना दिसतील अशी पार पाडली. सासूबाईंचा चेहरा जरा निवळला. इकडे ऊन मात्र असं तापलं होतं, की पोटाच्या उबेनं लाडवांतलं तूप पाघळायला लागलं. त्याचा वास बसमध्ये कोणालाच आला नाही. बाहेर एकीला आला.

झुडपातून अस्वलीण निघाली. दोन्ही पिल्लं पाठीवर, केसांना घट्ट धरून बसलेली! "पाहा पाहा, बाळ! आईच्या पाठीवर बसले दोघं!" मी लेकीला दाखवायला लागलो. अस्वलीण जवळ आली. आणखी जवळ आली. आणि मग मागच्या पायांवर उभी राहून तिनं दोन्ही पंजे ठेवले ते थेट माझ्याच खिडकीच्या जाळीवर! त्या विळ्यासारख्या नख्या! ते लांबलचक तोंड! आणि नाक? माझ्या पोटावर रोखून फूं-फूं करत होतं! जाळी करकरली.

मी ओरडलो नाही. (ओरडायला घशात आवाज लागतो.) मी आधी लेकीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. इथवर कोणी नावं ठेवायला जागा नव्हती. पण मग मीही बसलो. त्याच मांडीवर!

"अवो, उठा! पोरगी दबून राह्यली!"

"आई, मले धरा!" (घाबरलो की माझी पुस्तकी भाषा पहिली पळते.)

"पोरीले धरू का तुमाले?"

"दोघांले!"

या झटापटीत डब्याचं झाकण निघालं आणि माझ्या शर्टाखालून डिंकाचे लाडू एकामागून एक बसभर गडगडत गेले. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. त्याचा आ वासलेलाच राहिला. "साहेब," तो कसाबसा म्हणाला, "तुमच्यातली बाळंतीण कोन हाय?"

त्यानं बस हलवली तशी अस्वलीण खाली उतरली आणि फुरफुरत झुडपात निघून गेली. सासूबाईंनी त्या झुडपाकडे बोट केलं.

"पाह्यलं, जावईबापू? दोन-दोन लेकरं पाठीवर घेऊन उभी राह्यली थे. एक बी पडू नाही देलं."

माझी लेक या सगळ्यात गाढ झोपली होती. मी ड्रायव्हरची बोलणी खात, बसच्या फरशीवर रांगत लाडू गोळा करत होतो. निकाल मला कळून चुकला होता.

पण निकाल लागला भलताच! दुसऱ्या दिवशी सुषमा निघाली, लेक निघाली आणि पिशवी भरून सासूबाईही निघाल्या. "पोरगी एकटी असती तं सुषमानं सांभाळली असती," त्या म्हणाल्या. "दोघांले मीच पायजे."

आता आमच्या घरी बाळ पाहायला लोक येतात. सासूबाई आधी लेक दाखवतात, मग मला दाखवून सगळी हकिगत सांगतात. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून त्यांनी लेकीच्या हातात एक खुळखुळा दिला.

दुसरा माझ्या हातात.