कमठाण्याकडे तोंड करून

“पॅरालिसिस,” डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि मी लगेच त्यांची चूक काढली. मास्तर माणूस मी, खोड जाते थोडीच! मी म्हणालो की माझे दोन्ही हात ठणठणीत आहेत. ते म्हणाले, मग डावा हात वर करा. मी केला. म्हणजे केला असं मला वाटलं. कॉटच्या पायथ्याशी उभी असलेली माझी बायको काशी तोंडाला पदर लावून रडायला लागली, तेव्हा कुठे मला शंका आली.

पॅरालिसिस म्हणजे लकवा, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. माझा थ्रॉम्बोसिसमुळे झाला होता. मेंदूला रक्त नेणाऱ्या नसेत गुठळी अडकते आणि पुढचा भाग उपाशी राहतो, त्याला थ्रॉम्बोसिस म्हणतात. माझी नस उजव्या बाजूची होती, म्हणून डावा हात आणि डावा पाय गेला. पण आणखीही एक गोष्ट गेली होती. ती काय, हे कळायला फार दिवस लागले. ज्यांच्या घरात असा रोगी असेल त्यांना कळावं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

तेव्हा हैदराबाद संस्थान होतं. मी चिटगुप्प्याच्या सरकारी शाळेत शिकवायचो. शाळेत उर्दू, बाजारात कन्नड आणि घरात मराठी, असा आमच्याकडच्या साऱ्यांचाच दिवस जायचा. त्या सकाळी मी फळ्यावर उर्दू धडा लिहीत होतो. उजवीकडून सुरुवात केली, अर्ध्या फळ्यापर्यंत आलो आणि खाली उतरलो. पुन्हा अर्ध्यापर्यंत, पुन्हा खाली. मुलं हसली. मी त्यांना उभं केलं. फळा भरला आहे, अशी माझी खात्री होती. मग पाय मुडपला, आणि दुपारी मोटारीने मला बीदरच्या दवाखान्यात आणलं.

पहिले आठ दिवस मी भाकरीवरून भांडलो. काशी थाळी ठेवायची, मी खायचो, आणि मला पोटभर का देत नाहीस म्हणून ओरडायचो. “अर्धी तशीच हाय की. कामून सोडायलाव?” ती म्हणायची. मला ती अर्धी दिसतच नव्हती. मग ती मुकाट्याने थाळी फिरवायची आणि समोर नवी अर्धी भाकरी उगवायची. मला वाटायचं, आता लाजून वाढली.

डॉक्टरसाहेबांनी माझी बुद्धी शाबूत आहे का ते पाहण्यासाठी एक सरकारी हुकूम वाचायला दिला. उर्दूच तो, मी घडाघडा वाचला. ओळीच्या शेवटाकडे काहीतरी गळत होतं, पण वीस वर्षं असले हुकूम वाचलेले, शेवट मी अंदाजाने भरत गेलो. डॉक्टर खूश झाले. हा नोकरीवर परत जाईल, असं काशीला सांगितलं.

दोन दिवसांनी उदगीरहून माझ्या लेकीचं पत्र आलं. वच्छला माझी एकुलती एक. तिला मीच अंगणात बसवून, बोट धरून अक्षर शिकवलं होतं. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. मी पत्र उघडलं. एकेक शब्द मराठी होता, ओळखीचा होता, पण एका ओळीलाही अर्थ नव्हता. प्रत्येक ओळ मधूनच कुठून तरी सुरू होत होती. आणि ते मला लिहिलेलं आहे असं कुठेही दिसत नव्हतं. खाली वच्छलाचं नाव तेवढं होतं.

मी घाबरलो. असा घाबरलो की लकवा परवडला. बोलायला मराठी येत होती, वाचायची मात्र गेली होती. शाळेतले सोबती भेटायला आले, त्यांनी माझ्याकडून दोन्ही भाषा वाचून घेतल्या आणि खाली मान घातली. चिटगुप्प्यात बातमी पोचली की मास्तरची आईची भाषा गेली आणि सरकारची राहिली. कुणी म्हणालं, वीस वर्षं ज्याची चाकरी केली तेच शिल्लक उरलं. मला ते खरं वाटायचं. उशीत तोंड खुपसून मी रडलो आहे, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

सोबत्यांतला एकजण म्हणाला, पत्र मी वाचून दाखवतो. मी त्याच्यावर खेकसलो. माझ्या लेकीचं पत्र मीच वाचणार, नाहीतर कुणीच नाही. पत्र उशाखाली गेलं.

एका सकाळी डॉक्टरसाहेबांनी वेळेचं भान तपासायला चार वस्तू मागवल्या. दातण, औषधाची बाटली, भाकरी आणि कंदील. दिवस जसा जातो तशा मांडा, म्हणाले. मी उजव्या हाताला दातण ठेवलं आणि पुढे डावीकडे सरकत गेलो. सगळं एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसलं, पण क्रम बरोबर होता. डॉक्टरही उर्दू शाळेतले, त्यांनीही उजवीकडूनच मांडलं असतं. आमचा कंपाउंडर लातूरकडचा, मराठी शाळेत शिकलेला. तो हसून म्हणाला की मास्तरांनी उलटं मांडलं, दातण डावीकडे पाहिजे. दोघांची बारीक चकमक झाली. मग डॉक्टरांनी गमतीने काशीला सांगितलं, तुम्ही मांडा.

काशीला कुठलीच लिपी येत नव्हती. तिने आधी खिडकीकडे पाहिलं. मग खिडकीच्या अंगाला दातण ठेवलं आणि भिंतीच्या अंगाला कंदील. डॉक्टरांनी तिला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं. तिने पुन्हा दातण खिडकीकडेच ठेवलं. तिसऱ्या बाजूला बसवलं, तरी तेच. “दिस तिकडून निघतोय की,” ती म्हणाली, “मी कुठं का बसना, त्येला काय?”

डॉक्टरसाहेब हसायचे थांबले. मग कंपाउंडरला म्हणाले की आपण दोघं शिकलेले लोक दिवस आपापल्या पाटीवर मांडतो, आणि ही बाई जमिनीवर मांडते. मी तेवीस वर्षं तिच्याबरोबर संसार केला होता. तिचा दिवस माझ्या दिवसापेक्षा मोठा आहे, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. डॉक्टर रोज मला डावीकडे बघायला सांगायचे, आणि मी ‘जी’ म्हणून उजवीकडेच बघत बसायचो. माझ्यापुरती डावी बाजू जगातून पुसली गेली होती. नसलेल्या बाजूला बघणार कसं? ती खिडकी माझ्या कॉटच्या डाव्या अंगाला होती. त्या दिवशी जेवताना काशी म्हणाली, “उगवतीकडं बघा.” माझी मान फिरली. हळूहळू फिरली, गंजलेल्या कडीसारखी, पण फिरली, आणि थाळीत मला उरलेली अर्धी भाकरी दिसली. माझ्या शरीराची डावी बाजू हरवली होती. उगवत हरवली नव्हती. ती माझ्या शरीराच्या मालकीची नव्हतीच.

काशी भाकरीकडे बघत बसली. मग उशाखालून पत्र काढून तिने थाळीशेजारी ठेवलं. “भाकरीचं जे व्हायलंय तेच पत्राचं व्हायलंय,” ती म्हणाली. “तुमची मराठी कुठं गेली न्हाई. तिची सुरवात तुमाला दिसंना झालीय.”

मोठमोठ्या माणसांनी जे ओळखलं नाही ते या निरक्षर बाईने ओळखलं. उर्दूची ओळ माझ्या शाबूत बाजूला सुरू होत होती, म्हणून गाडी चालत होती. मराठीची सुरुवात नेमकी पुसलेल्या बाजूला होती. डॉक्टरसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी काशीला हात जोडले. सरकारी डॉक्टर आणि आमची काशी! ती इतकी लाजली की दोन दिवस त्यांच्यासमोर आलीच नाही.

दवाखान्यातून आम्ही नौबादला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायला गेलो. डॉक्टर जवळ हवे होते. तिथे काशीने माझा पाट दक्षिणेकडे तोंड करून मांडला. तसं बसलं की डावा हात उगवतीला येतो, आणि मराठीची ओळ उगवतीला सुरू होऊन मावळतीला संपते. हिशेब सरळ होता. पण अक्का खवळली. दक्षिण ही यमाची दिशा, आणि दुखणाईत माणसाला तिकडे तोंड करून बसवायचं? दोन दिवस तिने चूल वेगळी मांडायची धमकी दिली.

काशी कधी अक्कासमोर मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही तिने मान वर केली नाही. भांडी घासता घासता म्हणाली, “दक्षिण कशाची, अक्का. कमठाण्याकडं तोंड करून बसलेत. माझं माहेर हाय तिकडं.”

अक्काला हसू आवरेना. त्यानंतर कुणी विचारलं की तीच सांगायची, आमचा भाऊ सासुरवाडीकडे डोळे लावून बसलाय.

मग रोजचं काम सुरू झालं. सकाळी मालिश, मग दोन पावलं चालणं, मग पाटी. काशी माझ्या हरवलेल्या बाजूला बसायची आणि प्रत्येक ओळीला एकच शब्द बोलायची, “उगवत.” मी मान फिरवायचो, सुरुवात शोधायचो, वाचत मावळतीपर्यंत यायचो. कधी चिडायचो, पाटी ढकलून द्यायचो. ती पाटी उचलायची, पदराने पुसायची आणि पुन्हा म्हणायची, उगवत. तुमच्या घरी असा रोगी असेल तर त्याच्या शाबूत बाजूला बसून लाड करू नका. हरवलेल्या बाजूला बसा, आणि जी खूण त्याला कळते तिनेच हाक मारा. प्रत्येकाची खूण वेगळी असेल. ती शोधायला माणूस काशीसारखा लागतो.

दोन महिन्यांनी, पाटीवरच्या ओळी सलग जमायला लागल्यावर, मी पत्र मागितलं. काशीने ते पाटीवर ठेवलं. त्या दिवशी तिने ‘उगवत’ म्हटलं नाही. मी आपणच मान फिरवली, जिथे काही नव्हतं तिथे पाहिलं, आणि कागदाच्या अगदी काठाला मला माझ्या लेकीचं अक्षर दिसलं.

‘तीर्थरूप अप्पांस.’

इतके दिवस ते तिथेच होतं. मला पुढचं वाचता येईना, या वेळी डोळ्यांच्या पाण्यामुळे. थोड्या वेळाने वाचलं. ती बाळंतपणाला येणार होती, दिवाळीच्या आधी, कुणीतरी न्यायला या म्हणून लिहिलं होतं. मी धडपडत म्हणालो, अगं दिवाळी आठ दिवसांवर आली, आता कसं करायचं?

“तिचा मामा कवाच गेलाय न्यायला,” काशी म्हणाली. “आलं त्याच दिवशी कंपाउंडरकडनं वाचून घेतलं मी.”

“मग मला सांगितलं कामून न्हाई?”

तिने पत्राची घडी घातली आणि माझ्या डाव्या हातात दिली. बोटं मिटली नाहीत, पण कागद पडला नाही.

“तुमचं पत्र,” ती म्हणाली. “तुमी वाचायचं म्हणला होता की.”